तुम्ही विचारलंत म्हणून: आधी हमालाच्या पोटाचं बघा

“कोलंबस आलाच नसता, पेरूतले इंका वर सरकले असते, अ‍ॅझ्टेक मेक्सिकोतून खाली उतरले असते, तर दोन्ही अमेरिकांवर एकच साम्राज्य झालं असतं का?” हे विचारणाऱ्याचं बोट नकाशावर हमखास पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवर असतं. मी “नाही” म्हणते, “डॅरिएनचं जंगल” असं कारण देते, आणि विषय मिटतो.

वर्षानुवर्षं दिलेलं हे उत्तर आळशीपणाचं होतं. पनामा आणि कोलंबियामधलं हे डॅरिएन वाईट आहे हे खरंच. अलास्काहून अर्जेंटिनाकडे जाणारा महामार्ग आजही तिथे सुमारे १०० किलोमीटर तुटलेला आहे. पण दोघांपैकी कुणी तिथवर पोचलंच नव्हतं. इंका आजच्या कोलंबियातल्या पास्तोजवळ, आंकासमायो नदीपाशी थांबले. अ‍ॅझ्टेकांचं शेवटचं टोक म्हणजे ग्वाटेमालाच्या सीमेवरचं शोकोनोच्को. ज्या दाराशी कुणी गेलंच नाही, त्या दाराला दोष कसा द्यायचा?

तेव्हा आधी हमालाचं जेवण मोजा. मेक्सिकोचा हमाल, त्लामेमे, कपाळाला पट्टा लावून पाठीवर साधारण २३ किलो वाहायचा आणि दिवसाला पंचवीसेक किलोमीटर चालायचा. त्याला रोज किलोभर मका लागतो असं धरा. स्वतःच्याच ओझ्यातलं खात गेला आणि परतीचंही राखून ठेवलं, तर अकरा-बारा दिवसांत, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आतच, उतरवायला दाणा उरत नाही. आपल्याकडे फौजेमागे बंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे धान्य घेऊन चालत आणि बैल वाटेतलं गवत खात. मेक्सिकोत बैल नाही, घोडा नाही, गाढव नाही. (चाक होतं. मातीच्या खेळण्यांना लावलेलं सापडलंय. ते ओढणार कोण, हा प्रश्न होता.) म्हणून फौजेला वाटेतल्या गावांनीच जेवू घालायचं, आणि लांबून खंडणी मागायची ती वजनाला हलकी नि मोलाला भारी: कोको, पिसं, वाघासारख्या जग्वारची कातडी. हजार किलोमीटरवरून मका मागवणं म्हणजे मका संपवणं.

“पण इंकांकडे लामा होते!” होते की. एक लामा पंचवीस-तीस किलो उचलतो, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जातो आणि चारा वाटेतच शोधतो. मात्र तो डोंगरातल्या कोरड्या गवताचा प्राणी. दमट, उष्ण रानात त्याला ना चारा मानवतो ना हवा. आणि इंकांची खरी ताकद लामात नव्हतीच, ती कोठारांत होती. एकट्या वानुको पाम्पाला सुमारे ५०० कोठारं, कोचाबांबाजवळ कोतापाचीला २,४०० च्या आसपास. त्यांत काय टिकायचं, तर चुन्यो: बटाटा रात्रीच्या कडक थंडीत गोठवायचा, दिवसा उन्हात ठेवायचा, पायांनी तुडवून पाणी काढायचं, पुन्हा वाळवायचा. वर्षानुवर्षं राहतो. त्यासाठी रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा कोरडं ऊन लागतं, म्हणजे अँडीजची उंची लागते. डॅरिएनमध्ये त्या बटाट्याचा लगदा होईल आणि मक्याला बुरशी येईल. कोठार नाही तिथे तांबो, म्हणजे मुक्कामाचं ठाणं, चालत नाही. ठाणं नाही तिथे फौज नाही.

इथवर मी ठाम असते. अडते ती पेरूतल्या काहामार्काशी.

१६ नोव्हेंबर १५३२. स्पॅनिश सेनानी पिझारोकडे १६८ माणसं. इंकांचा राजा आताहुआल्पा याला त्यांच्या प्रत्येक मुक्कामाची खबर होती, कारण इंकांचे चास्की धावपटू टप्प्याटप्प्याने निरोप पुढे देत, दिवसाला दोनशेच्या वर किलोमीटर. तरीही तो पालखीत बसून, हजारोंचा जवळजवळ निःशस्त्र लवाजमा घेऊन चौकात आला आणि संध्याकाळपर्यंत कैदी झाला. खोलीभर सोनं नि दोनदा भरेल एवढी चांदी कबूल केली, बरीचशी दिलीही, तरी जुलै १५३३ मध्ये त्याला गळा आवळून मारलं. नेमका हाच डाव, राजाच धरायचा, दुसऱ्या एका स्पॅनिश सेनानीने, कोर्तेसने, नोव्हेंबर १५१९ मध्ये मेक्सिकोचा राजा मोक्तेसुमा याच्यावर टाकला होता. मोक्तेसुमाची राजधानी तेनोच्तित्लान पडूनही अकरा वर्षं झाली होती. इंकांची राजधानी कुस्को ते तेनोच्तित्लान सरळ रेषेत साधारण ४,७०० किलोमीटर, आणि या अकरा वर्षांत एक वाक्य एवढं अंतर ओलांडू शकलं नाही. देवीच्या रोगाची साथ मात्र बहुधा ओलांडून गेली. आताहुआल्पाचा बाप वायना कापाक तिनेच गेला, असं बरेच जण मानतात. पुढे भावाभावांची लढाई जुंपली.

साम्राज्य नको, निदान बातमी तरी? पण मोक्तेसुमाला बातमी होती. किनाऱ्यावरच्या जहाजांची चित्रं काढून त्याच्याकडे पोचवली होती. उपयोग झाला नाही. तेव्हा हे दुखणंही मी नको तेवढं ताणते, असं मला कधीकधी वाटतं.

आणि समुद्र? इथे माझं “नाही” डळमळतं. १५२६ मध्ये स्पॅनिश खलाशी बार्तोलोमे रुइसला इक्वेडोरच्या किनाऱ्याजवळ बाल्साच्या हलक्या लाकडाचा, शिडाचा तराफा भेटला: वीसेक माणसं, कापड, दागिने, शिंपल्यांच्या बदल्यात द्यायचा माल. वीस टन माल नेणारा एक तराफा म्हणजे जवळपास ९०० हमालांचं ओझं, आणि त्याला जेवण लागत नाही. धातुकामाची विद्या दक्षिणेतून पश्चिम मेक्सिकोत बहुधा अशाच वाटेने गेली. लाकूड समुद्री किडे पोखरतात, काही महिन्यांत तराफा बदलावा लागतो, हे कबूल. स्पॅनिशांनीही दोन्ही खंड जोडले ते समुद्रानेच, पनामाची पट्टी तेवढी खेचरांवरून ओलांडून. आणि तरी कारभाराला दोन वेगळे व्हाइसरॉय नेमावे लागले.

पण तराफे राजाचे नव्हते, किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांचे होते. काहामार्काच्या त्या चौकात आताहुआल्पाखेरीज आणखी एक जण पालखीत होता: पेरूच्या किनाऱ्यावरच्या चिंचा या प्रदेशाचा सरदार. पिझारोचा नातलग पेद्रो पिझारो लिहितो, आताहुआल्पाने सांगितलं की याचे समुद्रात एक लाख तराफे आहेत. आकडा फुगवलेला असेल. तो सरदार त्याच संध्याकाळी, पालखीतच मारला गेला.