पांढऱ्या फिलिंगचे 185 पौंड नेमके कशाचे?

आमच्याकडे इंग्लंडमधल्या रीडिंग गावात ओळखीतल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की मुलांच्या शाळा आणि मॉर्गेजनंतर तिसरा विषय दातांचा निघतो, आणि निघाला की सगळे एकदम बोलायला लागतात. कारण प्रत्येकाला वेगळा आकडा सांगितलेला असतो. माझी मागची दाढ पुण्यात कॉलेजात असताना भरलेली, चांदी भरली होती तेव्हा, त्याची कड 2025 मध्ये तुटली. डेंटिस्ट म्हणाली, एनएचएसवर (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेवर) परत चांदीचं करून देते 75.30 मध्ये, पांढरं पाहिजे असेल तर ते प्रायव्हेट, 185 पौंड. खुर्ची तीच, डॉक्टर तीच, दाढ पण तीच. मग वरचे एकशेदहा कशाचे? रंगाचे?

तर रंगाचे नाहीत, हे मला बरंच खोदल्यावर कळलं. म्हणजे मटेरियल महाग असतं हे खरंय, पण एका दाढेत जातं किती, चिमूटभर. पैसे आहेत ते खुर्चीतल्या वेळाचे. चांदीचं म्हणजे अमाल्गम दाढेत दाबून भरतात, थोडा ओलावा असला तरी ते सांभाळून घेतं. पांढऱ्याचं म्हणजे कॉम्पोझिटचं सगळं सोवळ्यातलं काम. आधी दात पूर्ण कोरडा पाहिजे, त्यासाठी ती रबराची शीट अडकवतात तोंडात (रबर डॅम, गुदमरल्यासारखं होतं पण चांगला डॉक्टर ती लावतो), मग अ‍ॅसिडचं जेल लावून धुवायचं, मग बाँडिंग म्हणजे चिकटवणारा पातळ थर, मग साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थरावर निळा लाइट मारायचा, कारण हे मटेरियल घट्ट होताना आकसतं आणि एकदम गोळा भरला तर कडेला फट राहते. फट राहिली की परत कीड. शेवटी घासून चावा बरोबर बसतोय का बघायचं. हे नीट केलं तर चांदीपेक्षा बराच जास्त वेळ जातो.

आणि इथेच एनएचएसची खरी मेख आहे. इंग्लंडमध्ये 2006 पासून जे कॉन्ट्रॅक्ट चालू आहे त्यात डेंटिस्टला पैसे मिळतात ते केलेल्या कामाच्या युनिटवर, यूडीए म्हणतात त्याला. एक किंवा दोन फिलिंगचे 3 युनिट. चांदी भरा, पांढरं भरा, पाऊण तास घासत बसा, युनिट तीनच. युनिटचा किमान दर 2024 मध्ये 28 पौंड केला, म्हणजे त्या किमान दराच्या क्लिनिकला सगळे मिळून 84 पौंड, त्यातले 75.30 आपल्याच खिशातून गेलेले (हा एप्रिल 2025 पासूनचा बँड 2 चा, म्हणजे फिलिंग ज्यात येतं त्या एनएचएसच्या दरगटाचा, दर होता). भाडं, नर्स, वीज सगळं त्यातच. आता तुम्हीच सांगा, अशा हिशोबात मागच्या दाढेला रबर डॅम लावून निवांत थर चढवत कोण बसणार? माझा राग डेंटिस्टवरून उठून कॉन्ट्रॅक्टवर गेला तो इथे.

एनएचएसचा नियम ऐकायला साधा आहे, जे दाताच्या आरोग्यासाठी गरजेचं ते मिळणार, निव्वळ दिसण्यासाठी असेल ते नाही. पुढच्या दातांना म्हणूनच पांढरं फिलिंग एनएचएसवरच होतं, ते मागून घ्या, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. दाढेला पांढरं पाहिजे म्हटलं की बहुतेक ठिकाणी तुम्ही हौशी गिऱ्हाईक ठरता. आणि हो, बँड 2 चे पैसे एकदाच, एका ट्रीटमेंटमध्ये दोन दाढा भरल्या काय आणि चार भरल्या काय, तेवढेच, तपासणी आणि एक्स-रे पण त्यातच. प्रायव्हेटमध्ये मात्र दर दाताला, आणि काही ठिकाणी तर दाताच्या किती बाजू भरल्या त्यावर. त्यामुळे "फ्रॉम 95" असं लिहिलेलं असतं ना वेबसाइटवर, ते एका बाजूच्या छोट्याशा खड्ड्याचं असतं, आपली दाढ कधीच त्या फ्रॉममध्ये बसत नाही. अडीचशेच्या वरचे आकडे पण मी ऐकलेत, लंडनच्या मध्यात तर विचारूच नका.

हे सगळं एनएचएसचा डेंटिस्ट मिळाला तर. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिस्टलला सेंट पॉल्स भागात एनएचएसचे पेशंट घेणारं क्लिनिक उघडलं तर रस्त्याला वळसा घालून रांग लागली होती, पोलीस बोलवायला लागले. त्यामुळे कित्येकांना चांदी की पांढरं हा चॉइस नसतोच, प्रायव्हेट हाच एक रस्ता. माझा भाचा ग्लासगोला शिकतो, तो हे ऐकून हसतो, कारण स्कॉटलंडमध्ये 26 वर्षांखालच्यांना एनएचएसची दातांची ट्रीटमेंट फुकट आहे.

आता आईचं म्हणणं, "अगं डिसेंबरात येणारच आहेस ना, इथे करून टाक, दोन हजारात होतंय." बरोबर आहे तिचं, पुण्यात चांगल्या क्लिनिकमध्ये कॉम्पोझिट फिलिंग दीड-दोन-अडीच हजारात होतं आणि काम इथल्यापेक्षा काही कमी नसतं. आमच्या ग्रुपमध्ये अर्धे लोक तेच करतात, दिवाळी नाहीतर नाताळची सुट्टी आणि दात. पण तुटलेली कड घेऊन चार महिने थांबलं तर फिलिंगचं रूट कॅनॉल व्हायला वेळ लागत नाही, आणि परत आल्यावर चावताना दुखलं तर इथला डेंटिस्ट दुसऱ्याच्या कामाला हात लावायचे नवे पैसे घेणार. एनएचएसवर केलेलं फिलिंग बारा महिन्यांत निघालं तर सहसा फुकट दुरुस्त करून देतात. प्रायव्हेटला असं काही आहे का हे आधी विचारायचं, नंतर नाही.

अजून एक, चांदीत पारा असतो म्हणून घाबरून चांगली टिकलेली फिलिंग काढून पांढरी करून घेणारे लोक आहेत. युरोपियन युनियनने जानेवारी 2025 पासून अमाल्गम जवळपास बंद केलं हे खरं, पण त्यामागे मुख्य कारण पर्यावरणात जाणारा पारा आहे. शाबूत फिलिंग उकरताना उलट पाऱ्याची वाफ जास्त निघते आणि दर वेळी थोडा चांगला दातही घासला जातो. शिवाय कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात दाढांची पांढरी फिलिंग चांदीपेक्षा जवळपास दुप्पट प्रमाणात फेल झालेली दिसली. हे 185 वाल्या ब्रोशरमध्ये कुठे असणार!

मी चांदीच भरून घेतली. तोंड उघडून दाढ दाखवत फिरायचं वय राहिलं नाही माझं. नवऱ्याची गोष्ट वेगळी, त्याची हसताना दिसणारी उपदाढ आहे, त्याने 185 दिले, मी काही बोलले नाही, फक्त किती बाजूंचं फिलिंग आणि रबर डॅम लावणार का, हे खुर्चीत बसायच्या आधी एस्टिमेटवर लेखी घ्यायला लावलं.