पत्र्यावरचे दगड उतरवले

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या घरातली पितळी भांड्यांची उतरंड खणखणली. आई चुलीपाशी होती, मी ओट्यावर दात घासत होतो, दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) आतल्या खोलीत होते. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या माणसाला जमिनीखालचा गडगडाट नवा नाही. पांगरा शिंदेच्या पट्ट्यात तो वर्षानुवर्षं ऐकू येतो. पण मार्चमध्ये ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला होता आणि आता पुन्हा ४.५ चा. तिघंही अंगणात आलो तेव्हा आईच्या हातात पिठाचा गोळा तसाच होता.

मार्चच्या धक्क्यानंतरच प्रशासनानं सांगितलं होतं, पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. आमच्या पत्र्यावर पंधरा दगड होते, एकेक पाच-सहा किलोचा. मी विषय काढला की दादांचं एकच म्हणणं, "दगड काढल्यावर वावधानात पत्रे ऱ्हातेत का जाग्यावर?" त्यांचं चूक नव्हतं. एकदा आमच्या शेजाऱ्यांचा पत्रा उडून पार विहिरीपाशी पडला होता.

डिसेंबरात गांधीधामला असलेल्या मावसभावानं बोलावलं म्हणून आई-दादांना घेऊन कच्छला गेलो. भुजला स्मृतिवन पाहायचं माझ्या मनात होतं. भुजियो डुंगरावर ४७० एकरांत ते पसरलंय. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाची आठवण म्हणून बांधलेलं हे स्मारक आणि संग्रहालय २०२२ मध्ये खुलं झालं. डोंगरउतारावर छोटे छोटे बंधारे घातलेत आणि तिथं त्या भूकंपात गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. दादांना गुजराती वाचता येत नाही, तरी ते प्रत्येक पाटीपाशी थांबत होते. आम्ही घाई केली नाही.

आतली दालनं मोठी आहेत. पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींपासून पुनर्वसनापर्यंत सगळं मांडलंय. खरं सांगायचं तर सगळं माझ्या लक्षात राहिलं नाही. राहिली ती भूकंपाचा अनुभव देणारी खोली. भोवती पडदा, अंधार, आणि पायाखालची जमीन हलू लागते. आईनं माझा दंड धरला. दादा मात्र नुसते खाली बघत उभे होते.

बाहेर येऊन बाकावर बसल्यावर ते बोलायला लागले. इतक्या वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. १९९३ साली गणपती विसर्जनाच्या रात्री, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, तेव्हा आमच्या गावानं घरोघरच्या भाकरी गोळा करून ट्रक पाठवला होता. दादा बावीस वर्षांचे, त्या ट्रकात होते. पाऊस लागून राहिला होता. "घरं पडली म्हनतेत, पर घरं पडली नव्हती," ते म्हणाले. "भिंतींनी पोट सोडलं व्हतं. भायेरचे दगड भायेर, आतले आत, झोपलेल्या मानसांवर. आन् वरून माळवदाची माती."

किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, भुजचा ७.७ चा. दीड अंकाचा फरक म्हणजे ऊर्जेत दीडशे पटींहून जास्त. तरीही लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं भुईसपाट झाली आणि साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. भूकंप उथळ होता, वेळ झोपेची होती हे खरंच. पण मातीत रचलेली दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंत आणि डोक्यावर टनावारी मातीचं माळवद, यांनीच जास्त माणसं मारली. ती भिंत दिसते एकसंध, असते दोन पदरांची. बाहेरचा थर, आतला थर, मध्ये खडी-माती. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार लांब दगड क्वचितच घातलेला. कच्छमधले भुंगे, म्हणजे तिथली गोल घरं, मातीचेच, पण कोपरे नाहीत आणि छप्पर हलकं, म्हणून त्यातले कितीतरी २००१ मध्ये टिकले. आमचं घर त्याच किल्लारीच्या जातीचं. आजोबांनी बांधलेल्या भिंती तशाच, फक्त माळवद उतरवून आम्ही पत्रे टाकलेत.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दादा स्वतः शिडी लावून वर चढले.

दगड उतरवले, पण वाऱ्याचा प्रश्न होताच. तालुक्याहून हुक बोल्ट आणि रबरी वायसर आणले, आणि पत्रे खालच्या लोखंडी अँगलना आवळून घेतले. हे एका दिवसाचं काम. भिंतीचं काम मात्र एप्रिलपर्यंत रखडलं, कारण गवंडीच मिळेना. एकानं सांगितलं, वरून सिमेंटचा गिलावा मारून देतो, पक्कं होईल. त्याचं ऐकलं असतं तर पैसे गेले असते आणि भिंतीचे पदर तसेच सुटे राहिले असते. दुसरा, वयस्कर, आमचं ऐकून घेऊन म्हणाला, "गिलाव्यानं काय हुतंय? आतून शिवाय लागंल."

आणि त्यानं खरंच भिंत शिवली. हातभर-दोन हात अंतरावर एकेक दगड छिन्नीनं हलकेच मोकळा करायचा. सब्बल मारायची नाही, धक्क्यानं बाकीची भिंत सुटते. आतली माती हातानं काढत आरपार भोक करायचं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासायचं. पहिलं भोक आरपार झालं तेव्हा मी आतल्या बाजूला होतो. मधली माती मुठीनं ओढली तर भुसभुशीत, कोरडी, मुंग्यांची घरं असलेली. एवढी वर्षं आम्ही तिच्या भरवशावर झोपत होतो. मग दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना आतबाहेर जाळीचा पट्टा फिरवला, सिमेंटनं लिंपला. पुढच्या दोन खोल्यांना अठरा दिवस लागले. रोज पाणी मारायचं काम आईनं घेतलं.

उतरंडीवरून मात्र तिच्याशी वाजलं. ती तिच्या सासूची, आणि बाजेच्या अगदी उशाशी. "इतक्या वर्षांत कवा पडली का?" शेवटी तिनंच मोठी घागर, तपेली खाली मांडली आणि बाज समोरच्या भिंतीकडे सरकवली. कागदपत्रं, बॅटरी आणि दादांच्या गोळ्या एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवल्यात.

मागच्या खोलीची भिंत राहिली आहे. मृग लागला आणि काम थांबलं. गवंडी दिवाळीनंतरची तारीख देऊन गेलाय, सळया कापून ठेवल्यात. तोवर त्या खोलीत फक्त कडबा-कुट्टी आणि खताच्या गोण्या, झोपायला कुणी नाही. पत्र्यावरून उतरवलेले पंधरा दगड दादांनी अंगणात कडेला लावलेत. त्यातले लांबट निवडून बाजूला ठेवलेत, गवंड्याला दाखवायला.