कूलर चालू, टीव्ही म्यूट, ब्रेट हार्ट

शनिवार, रात्री उशिरा

नागपूरच्या मे महिन्यात रात्री अकराला पण भिंतीला हात लावला तर गरम लागते, आणि आमच्या महालातल्या घरी खालच्या हॉलमध्ये जो मोठा कूलर आहे तो चालू केला की टीव्हीचा आवाज गेलाच समजा. बायको पोरीला घेऊन माहेरी अमरावतीला, घरी मी आणि मोठेबाबा. म्हणून ठरवलंय, हा उन्हाळा ब्रेट हार्टचा, म्हणजे नव्वदीतल्या त्या कॅनडाच्या रेसलरचा. त्याच्या जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) मॅचेस काढायच्या, सलग पाहायच्या आणि जे वाटलं ते इथे लिहून टाकायचं, कारण नंतर सगळ्या मॅचेसची डोक्यात खिचडी होते.

कॉमेंटरी ऐकूच येत नव्हती म्हणून शेवटी म्यूट करून टाकलं आणि तिथेच मजा आली. आवाज नसताना पण ब्रेटची मॅच अख्खी समजते, कोण चिडलाय, कोणाचं काय दुखून राहिलंय, कोण घाबरलाय, सगळं. हेच मी मध्ये एका दुसऱ्या मॅचवर करून पाहिलं (नाव घेत नाही, त्याचे फॅन फार आहेत) तर नुसते दोन माणसं एकमेकांना पाडून राहिले असं दिसत होतं.

लहानपणी ट्रम्प कार्ड खेळताना ब्रेटचं कार्ड माझ्या हातात आलं की बाकीची पोरं खुश व्हायची, कारण उंची, वजन, छाती, दंड, काहीही बोला, समोर अंडरटेकर किंवा योकोझुना निघाला की कार्ड गेलं. माझा फेव्हरेट तरी तोच. गुलाबी-काळा ड्रेस, ओले केस आणि रिंगमध्ये यायच्या आधी पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराच्या डोळ्यावर स्वतःचा गॉगल चढवायचा. तो गॉगल मिळावा म्हणून कॅनडात जन्म घ्यायला पाहिजे होता असं मला खरंच वाटायचं.

पहिली लावली समरस्लॅम १९९१, डब्ल्यूडब्ल्यूएफचा उन्हाळ्यातला मोठा शो, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर मिस्टर परफेक्ट म्हणजे कर्ट हेनिग. इंटरकॉन्टिनेंटल बेल्टसाठी, म्हणजे जगज्जेतेपदाच्या खालचा बेल्ट. हेनिगची पाठ तेव्हा कामातून गेलेली होती, या मॅचनंतर तो वर्षभरावर रिंगमध्ये उतरलाच नाही, आणि हे माहीत असून पाहिलं तर अंगावर काटा येतो, कारण माणूस पाठीवर पडायला कुठेच मागेपुढे पाहत नाही. परफेक्ट-प्लेक्स या हेनिगच्या खास डावातून तेव्हा सहसा कोणी सुटायचं नाही, ब्रेट सुटतो. मग शेवट. ब्रेट उताणा पडलाय, हेनिग त्याचे दोन्ही पाय धरून मधोमध लेगड्रॉप मारतो, एकदा बसतो, दुसऱ्यांदा मारायला जातो तर ब्रेट पडल्या पडल्याच त्याचा पाय पकडतो, स्वतःचे पाय त्यात अडकवतो आणि तसाच उठून त्याला पालथा करतो. शार्पशूटर, ब्रेटचा खास डाव. हेनिग लगेच हार मानतो. पाठीचा पेशंट आणि पाठ मोडणारा डाव, त्याला जास्त वेळ कशाला अडकवून ठेवायचं. ब्रेटने त्याला जपलं आणि जपताना बेल्टपण घेतला. ब्रेटचे आईवडील पब्लिकमध्ये बसलेले होते, स्टू आणि हेलन.

रविवार

आज दुपारी मोठेबाबा हॉलमध्येच झोपले होते, तर मी हळूच टीव्ही लावला. ते उठले. वय झालंय पण तरुणपणी आखाड्यात जायचे, नागपंचमीच्या दंगलीत उतरलेले आहेत, कान अजून तसाच मोडलेला आहे. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काऊन बे, एवढा मोठा झाला अन् अजून हेच पाहून राहिला का? हे तर सारं ठरलेलं असते."

म्हटलं, "मोठेबाबा, ठरलेलं तर आहेच. तुम्ही फक्त गुलाबी चड्डीवाल्याकडे पाहा."

पाहत बसले. मी त्यांना ब्रेटच्या घरचं सांगितलं, की बाप स्टू हार्ट स्वतः पैलवान, कॅलगरीत घराच्या तळघरात त्याचा आखाडा होता, त्याला लोक डंजन म्हणायचे, तिथे तो पोरांना पकडी लावून रडवायचा, आणि स्वतःची पोरं बारा, त्यातली आठ मुलं, सगळे कुस्तीत. हे ऐकल्यावर मोठेबाबा सरळ होऊन बसले. तळघरातला आखाडा त्यांना पटला. नंतर कितीतरी वेळ काही बोलले नाही, फक्त एकदा म्हणाले, "पाय सोडून नाही राहिला तो." म्हणजे ब्रेट. एकदा गुडघा धरला की पुढचं सगळं गुडघ्यावर, मध्येच उगाच मान नाही, हात नाही. तीस वर्षं मी हा माणूस पाहून राहिलोय, पण मला का आवडतो ते मोठेबाबांनी एका वाक्यात सांगून टाकलं, थोडा रागच आला.

संध्याकाळी भर गरमीत गच्चीवर पाणी मारलं. काही फरक नाही.

मंगळवार

वेम्बली. समरस्लॅम १९९२, लंडन, २९ ऑगस्ट, ऐंशी हजाराच्या आसपास पब्लिक, आणि त्या रात्री शेवटची मॅच जगज्जेतेपदाची नाही, तर ब्रेट आणि डेव्ही बॉय स्मिथ, साळे-जावई. ब्रेटची बहीण डायना डेव्हीला दिलेली. पब्लिक अर्थातच सगळं डेव्हीच्या बाजूने, इंग्लंडचा जावई नाही, इंग्लंडचा मुलगाच तो.

या मॅचची गोष्ट ब्रेटनेच नंतर सांगितलेली आहे. सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि डेव्ही म्हणाला की मी सगळं विसरलो. पुढची सगळी मॅच ब्रेटने त्याला कानात सांगून सांगून काढली. आता हे डोक्यात ठेवून पाहा. ब्रेट त्याला मानेला धरून खाली बसवतो, लोकांना वाटते दम घेऊन राहिले, आणि खरं म्हणजे तिथे डोकं डोक्याला लागलेलं आहे, केस दोघांच्या तोंडावर, आणि पुढचं चाललंय. मी दोन-तीन वेळा मागे घेऊन ओठ दिसतात का ते पाहिलं. केस मध्ये येतात. बहुतेक त्यासाठीच ओले करून सोडलेले असतात.

आणि तरी मॅच पाहताना वाटते की डेव्ही जिंकून राहिला, डेव्ही भारी, डेव्ही ब्रेटला उचलून आपटून राहिला. एका ठिकाणी दोघं पडलेले असताना ब्रेट पायात पाय घालून शार्पशूटर लावतो, डेव्ही सरकत सरकत रोपपर्यंत जातो (रोप धरला की पकड सोडावी लागते) आणि स्टेडियम उठते. शेवटी ब्रेट सनसेट फ्लिप मारायला जातो, म्हणजे समोरच्याच्या वरून उलटून त्याला खाली ओढायला, डेव्ही त्याच्यावर बसतो, पाय अडकवतो, ब्रेटचे खांदे खाली, पंच मोजतो एक दोन तीन. ब्रेट हरला. हरल्यावर हात मिळवायला आधी तोंड वाकडं करतो, मग मिळवतो.

ज्याला काहीच आठवत नव्हतं तो आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच जिंकून घरी गेला. माझं म्हणणं असं आहे की ब्रेटला भारी म्हणायचं असेल तर त्याने जिंकलेल्या मॅचेस नका मोजू, हरलेल्या आणि हरता हरता वाचलेल्या पाहा. बेल्ट तर हल्क होगनकडे पण होता.

ब्रेटची एक सवय सांगायची राहिली. बाकीचे कोपऱ्यावर पाठीने आदळतात, हा छातीने आदळतो. समोरचा फेकतो, हा पळत जातो आणि सरळ छाती कोपऱ्यावर, मग मागे उताणा. म्यूटवर पण तो आवाज येतो असं वाटते. त्यामुळे समोरचा कितीही सामान्य असला तरी दोन मिनिटात राक्षस वाटायला लागतो.

गुरुवार

आज दोन लागोपाठ पाहिल्या आणि त्या लागोपाठच पाहायच्या असतात.

रेसलमेनिया ८, इंडियानापोलिस, १९९२, रॉडी पायपर. ब्रेट रक्ताने लाल, पायपर वेळ द्यायची घंटा उचलून आणतो, मारू का नको, मारू का नको, पब्लिक नको म्हणते, ठेवून देतो. मग मागून स्लीपर लावतो, म्हणजे गळ्याची पकड, ब्रेट कोपऱ्यावर पाय देऊन मागे उलटतो, आणि पकड न सोडलेला पायपर खाली, ब्रेट वर, तीन. पायपर स्वतः त्याच्या कमरेला बेल्ट बांधतो.

सर्व्हायव्हर सिरीज १९९६, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, स्टीव्ह ऑस्टिन. ऑस्टिन मिलियन डॉलर ड्रीम लावतो, ती पण मागून गळ्याचीच पकड, पकड सोडत नाही, ब्रेट कोपऱ्यावर पाय देतो, मागे उलटतो, तीन. सेम डाव, चार वर्षांनी. बाकी डब्ल्यूडब्ल्यूएफ काही लक्षात ठेवत नाही, आज दुश्मन उद्या दोस्त, पण ब्रेटच्या मॅचला मागची मॅच माहीत असते. आणि यात खुबी ही आहे की ऑस्टिन हरला तरी लहान झाला नाही, तो पकड सोडायला तयार नव्हता म्हणून हरला. पुढे जो ऑस्टिन झाला त्याची सगळी जिद्द या तीन सेकंदात आहे.

आयर्न मॅन मॅच पण लावली, रेसलमेनिया १२, शॉन मायकल्स, एक तास. लोक फार नावाजतात. पहिला अर्धा तास मला झोप आली, खोटं कशाला सांगू. तासभर दोघांपैकी कोणी एक पॉइंट घेत नाही, मग जास्तीचा वेळ, शॉनची लाथ, संपलं. शेवटची वीस मिनिटं पाहा, बाकी पळवा.

शुक्रवार

लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर टीव्ही चालला पण कूलर नाही, घामाघूम. म्हणून आज आवाज होता. मोठेबाबा स्वतःहून येऊन बसले, "लाव तुझा तो."

रेसलमेनिया १०, १९९४. सुरुवातीलाच भाऊ-भाऊ, ब्रेट आणि धाकटा ओवेन. ब्रेटचा गुडघा दुखावतो, ओवेन त्या गुडघ्याच्या मागे लागतो, आणि मोठेबाबा माझ्याकडे पाहून मान हलवतात, म्हणजे पोरगा शिकलेला आहे. ओवेन जिंकतो, एकदम स्वच्छ. त्याच रात्री शेवटी ब्रेट परत येतो योकोझुनासमोर, पाचशे पौंडांच्या वरचा माणूस, आणि ब्रेट अजून लंगडून राहिला. दोन तासांपूर्वीचा गुडघा तो विसरला नाही. तेवढ्यावर मोठेबाबा खुश. मात्र योकोझुना दोरावरून तोल जाऊन पडला आणि ब्रेट जिंकला तेव्हा म्हणाले, "हे काही डाव नाही झाला." खरं आहे, नाही झाला. मग ब्रेटला सगळे खांद्यावर घेतात आणि ओवेन वाटेत उभा राहून नुसता पाहतो, की याला तर मी आत्ताच हरवलं होतं ना.

मग त्याच वर्षीची सर्व्हायव्हर सिरीज लावली, बॉब बॅकलंडची, जिथे कोपऱ्यातल्या माणसाने टॉवेल फेकला तरच मॅच संपते. बॅकलंडने ब्रेटला आवळून ठेवलेलं, मिनिटामागून मिनिटं चाललीत, आणि ओवेन रडायचं नाटक करून आईला सांगतो की टॉवेल फेक, तो मरून जाईल. स्टू नाही म्हणतो. हेलन फेकते. आणि ओवेन टाळ्या पिटत पळून जातो. मोठेबाबा जागेवरून उठले, "आईले फसवलं ना बे हरामखोरानं!" म्हटलं, मोठेबाबा, ठरलेलं असते. "ठरलेलं असलं म्हणून का आईले फसवायचं?"

ओवेन १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत वरून खाली उतरायच्या स्टंटमध्ये पडून गेला, हे मी त्यांना आज सांगितलं नाही.

रविवार

रेसलमेनिया १३, २३ मार्च १९९७, शिकागोजवळ रोझमाँट. ब्रेट आणि ऑस्टिन, हार मानेपर्यंत, पंच म्हणून केन शॅमरॉक. ही मी मुद्दाम मागे ठेवली होती.

दोघं पब्लिकमध्ये घुसून मारामारी करतात तो भाग ठीक. खरी मॅच ब्रेट गुडघ्याला हात घालतो तिथून. रिंगच्या खांबाला ऑस्टिनचे पाय अडकवून फिगर फोर ही पायाची पकड लावतो, मग खुर्चीने पाय. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त. ऑस्टिन एका वायरने त्याचा गळा आवळतो तर ब्रेट ती घंटा त्याच्या डोक्यात घालतो. पायपरने पाच वर्षांपूर्वी जी घंटा ठेवून दिली होती ती ब्रेटने मारली. हे ठरवून केलं का आपोआप झालं मला माहीत नाही पण रेसलमेनिया ८ पाहून हे पाहिलं तर हात थांबतो.

मग शार्पशूटर. कॅमेरा ऑस्टिनच्या तोंडासमोर, दातांमधून रक्त, तो एकदा ताकद लावून जवळजवळ सुटतो, ब्रेट परत बसतो. ऑस्टिन हो म्हणत नाही, बेशुद्ध पडतो. ब्रेट जिंकला. आणि पब्लिक फिरलं, आत येताना ज्याला हिरो म्हणून आणलं त्याच्यावर हुर्यो, आणि जो व्हिलन तो लंगडत कोणाचा हात न घेता आत गेला तर त्याच्यासाठी आरडाओरडा. एका मॅचमध्ये दोघांची जागा बदलली, आणि त्यात जास्त फायदा कोणाचा झाला तर ऑस्टिनचा. पुढची काही वर्षं सगळा धंदा त्याच्या नावावर चालला. जिंकला ब्रेट आणि फायदा दिला ऑस्टिनला.

मोठेबाबांना आवडली नाही. फार रक्त म्हणे. "पडल्यावर पुन्हा मारायले गेला तो, हे बरोबर नाही." शॅमरॉकने ब्रेटला मागून उचलून बाजूला फेकलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. आमच्यात अर्धा तास वाद झाला. त्यांचा नंबर एक वेम्बली, माझा हा, आणि कोणी ऐकायला तयार नाही.

मॉन्ट्रियल पाहणार नाही. नोव्हेंबर १९९७, ब्रेटने हार मानली नसताना कंपनीच्या मालकाने घंटा वाजवायला लावून त्याला हरवलं, सगळ्यांना माहीत आहे, यूट्यूबवर त्याच्यावर हजार व्हिडिओ आहेत. त्यात पाहण्यासारखं ब्रेटचं काही नाही, ते सगळं ऑफिसचं काम. १९९९ ची गोल्डबर्गची मॅच पण नाही, ज्यातल्या एका लाथेने ब्रेटच्या डोक्याला मार बसला आणि करिअर आटोपलं. आयुष्यभर ज्याने अभिमानाने सांगितलं की माझ्या हातून समोरच्याला कधी मोठी दुखापत झाली नाही, त्याला असं जावं लागलं. ते मला म्यूटवर पण नको.

त्यापेक्षा जुलै १९९७ ची कॅनेडियन स्टॅम्पीड लावतो, कॅलगरी, ब्रेटचं स्वतःचं गाव, पाच विरुद्ध पाच. अमेरिकेत ज्याला शिव्या त्याच्यासाठी इथे छप्पर उडते. ब्रेट, ओवेन, डेव्ही, नाइडहार्ट, पिलमन एका बाजूला, आणि ऑस्टिनचे खांदे टेकवून त्याला हरवतो ओवेन. शेवटी अख्खं हार्ट खानदान रिंगमध्ये, स्टू, हेलन, नातवंडं, सगळे. मोठेबाबांना ओवेनवरचा राग अजून आहे, म्हणून ही त्यांच्यासोबतच पाहायची.