डोकं माझं, बिल कुणाचं?

"डोकं माझं आहे, फुटलं तर माझं फुटेल, सरकारला काय पडलंय?" गोव्यात दुचाकी चालवत असाल तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलंच असणार, बहुतेक स्वतः म्हटलेलं पण असणार. आमच्या डिचोलीकडे हेल्मेट ही कोपराला अडकवायची वस्तू आहे. अस्नोडा, थिवी करत म्हापशापर्यंत ती कोपरालाच, पुढे गिरीचा हायवे लागला की गाडी बाजूला घेऊन डोक्यावर, आणि पणजीत आतल्या रस्त्याला वळलं की परत कोपराला. पट्टा कोण लावतो! सकाळी ग्रुपवर कोणीतरी टाकतो "पर्वरेंत पोलीस उबे आसात रे", खाली पंधरा अंगठे, झाली रोड सेफ्टी.

आता चेष्टा सोडा, पण त्या वाक्यात दम आहे असं मला खरंच वाटतं. मी कोणाला धडकत नाही, कोणाचं नुकसान करत नाही, मग माझ्या डोक्यावर काय असावं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने का ठरवायचं? उद्या म्हणाल हुर्राक (काजूची दारू) पिऊ नको, रात्री दही खाऊ नको. हा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, १९८८ साली, अजय कानू नावाच्या केसमध्ये. हेल्मेटच्या सक्तीने कुठेही फिरायच्या माझ्या मूलभूत हक्कावर गदा येते असा दावा होता, आणि कोर्टाने तो मानला नाही, सक्ती योग्य ठरवली. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला, पण आमच्या कट्ट्यावर तो दर रविवारी नव्याने सुरू होतो.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. डोकं तुझंच, कबूल. पण ते फुटल्यावर जे सुरू होतं त्यातलं काय काय तुझं आहे ते सांग.

१०८ येते, फुकट. बांबोळीला नेते, जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात. तिथे न्यूरोसर्जरी, आयसीयू, यातलं जवळजवळ सगळं सरकारी पैशाने म्हणजे तुमच्या आमच्या. वर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहेच, उपचारांच्या खर्चासाठी, तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. चांगलीच योजना आहे, मी नावं ठेवत नाहीये. पण हे झालं पैशाचं. आयसीयूच्या बाहेरच्या त्या बाकांवर कधी बसलायत का? आमच्या वाड्यावरचा एक पोरगा तिथे होता तेव्हा मी जाऊन बसायचो. त्याची आई डबा मांडीवर घेऊन बसलेली, उघडत पण नव्हती, आणि कोणी नर्स दार उघडून बाहेर आली की उभी राहायची, परत बसायची. चुलत भाऊ रक्तासाठी फोन लावतोय, मामा फॅक्टरीत सुट्टी टाकून आलाय आणि त्याचा पगार कापला जाणार हे त्याला माहीत आहे, बहिणीची परीक्षा तोंडावर. डोकं एकाचं, आणि बाकावर सहा माणसं.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने यावर एक तोडगा काढलाय, मला तो फार आवडतो. २००० सालापासून तिथे २१ च्या वरच्या माणसाला हेल्मेट न घालता बाईक चालवता येते, पण अट अशी की अपघातात स्वतःवर होणाऱ्या उपचारांसाठी निदान १० हजार डॉलरचा विमा हवा. म्हणजे घे बाबा स्वातंत्र्य, सोबत बिल पण घे. आता १० हजार डॉलरमध्ये अमेरिकेत मेंदूचं ऑपरेशन तर सोडाच, आयसीयूचे काही दिवस पण निघायचे नाहीत, तेव्हा तिथेही उरलेला बोजा दुसऱ्यांवरच जातो. पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारला.

हे मी कट्ट्यावर सांगितलं तर आमचा एक मित्र एकदम खूष, म्हणाला हेच पाहिजे गोव्यात. मग मी विचारलं, तुझा मेडिक्लेम आहे? नाही. गाडीचा विमा? आहे की, थर्ड पार्टी. अरे त्या थर्ड पार्टीत तू येत नाहीस, ज्याला तू ठोकशील तो येतो! मालक-चालकाचा १५ लाखाचा अपघात विमा असतो तो मृत्यू नाहीतर कायमचं अपंगत्व आलं तर, हॉस्पिटलचं बिल त्यात नाही. गप्प बसला. पुढे म्हणाला प्रीमियम किती येतो, आणि आकडा ऐकून विषय बदलून फुटबॉलवर गेला.

त्याची बायको मात्र वेगळ्याच कारणासाठी हेल्मेटच्या विरुद्ध. लग्नाला निघायचं, केसात अबोलीची फाती म्हणजे गजरा माळलेला, वर हेल्मेट चढवलं की म्हापसा येईपर्यंत तिचा चोथा. या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर नाही. फाती पर्समध्ये घेऊन हॉलच्या दारात माळ म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की बस.

खरं सांगू तर गावातल्या रस्त्यावर, तीसच्या स्पीडने, एकटा जाणारा शहाणासुरता माणूस उघड्या डोक्याने गेला तर मी त्याच्या मागे पोलीस लावणार नाही. मूर्खपणा आहे, पण त्याचा आहे. मागे पोराला बसवलं की तो त्याचा राहत नाही. आणि पिऊन चालवणं तर कधीच त्याचं एकट्याचं नव्हतं. कायदा म्हणतो १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल नको, पहिल्या वेळी १० हजारापर्यंत दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नको हा नियम पण त्याच जातीचा, हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांच्या आवाजात शेवटी हायकोर्टाला लक्ष घालावं लागलं. पण आपल्याकडे हेल्मेट, दारू, आवाज सगळ्याला एकच प्रश्न, पोलीस आहे का? नाही ना, मग चल. स्वतःपुरतं काय आणि दुसऱ्याच्या अंगावर जाणारं काय हा फरकच आपण करत नाही, आणि मग "माझं स्वातंत्र्य" म्हणून ओरडतो.

सरकारला पण सोडत नाही मी. १ एप्रिल २०२२ पासून गोव्यात वाढीव दंड लागू झाले, हेल्मेट नसलं तर १ हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. तालांव, म्हणजे दंडाची पावती, बसला की बसला. पण तो तालांव डोक्यावर काय आहे एवढंच बघतो. रस्त्याच्या कडेला दोन-अडीचशेला मिळणारी प्लास्टिकची टोपी घातली तरी तुम्ही सुटता, आत तो थर्मोकोलसारखा जाड थर आहे की नाही कोण बघतो? आपटल्यावर तो थर दबतो आणि धक्का खातो, म्हणून तर डोकं वाचतं. जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी विक्री चालूच.

आणि हे वाढीव दंड कायद्याच्या ज्या २०१९ च्या दुरुस्तीतून आले त्यातच कलम १९८अ आलंय, रस्त्याचं डिझाइन किंवा देखभाल नियमाप्रमाणे नसल्याने कोणी मेला किंवा जखमी झाला तर जबाबदार खात्याला, ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. आमच्या रस्त्यावर वळणाला लागून एक स्पीडब्रेकर आहे, रंग नाही, बोर्ड नाही, वरचा दिवा बंद, आणि रात्री गुरं तिथेच बसतात कारण डांबर गरम असतं. त्याचा तालांव कोणाला? खड्डे चतुर्थीच्या आधी बुजवणार हे तर दरवर्षीचं.

दारूचं पण तेच. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, आपल्याकडे हाहाकार, मग लहान गावांसाठी २२० मीटर, मग शहरांना सूट, मग २०१८ मध्ये पंचायत हद्दीतलं राज्यांनी ठरवायचं. शेवटी बार जिथे होते तिथेच.

आमच्या गावातला एक बारवाला आहे, त्याला ना कोर्टाने सांगितलंय ना पंचायतीने. गिऱ्हाईक डुलायला लागलं की गाडीची चावी काढून घेतो, गल्ल्यामागच्या खिळ्याला लावतो आणि घरी फोन करतो, येऊन घेऊन जा. सकाळी चावी न्यायला येणारे त्याला शिव्या घालत येतात, आणि संध्याकाळी परत त्याच्याकडेच बसतात.