माळ्यावरचा कॅमेरा लिलावात काढताना

आज दिवसभर जुने फिल्म कॅमेरे ईबेवर चढवले. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या गराजमध्ये असे डझनभर पडून असतील, म्हणून लिहितेय.

भाव ठरवताना लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका. 'सोल्ड आयटम्स'चा, म्हणजे खरोखर विकल्या गेलेल्या वस्तूंचा, फिल्टर लावा. मागायला काय, कोणी काहीही मागतं! शीर्षकाला 80 अक्षरं मिळतात. त्यात कंपनी, मॉडेल, लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा, उदा. 50mm) टाका. 'सुंदर', 'दुर्मिळ' कुणी शोधत नाही.

खरी गडबड लेन्समध्ये असते. मागून टॉर्च मारून बुरशी बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तसाच फोटो टाका. बॅटरीच्या कप्प्यातली हिरवी-पांढरी पूडही दाखवा. लपवलंत तर वस्तू परत येते, वर परतीचं टपाल तुमच्याच माथी.

लिलावाची मुदत 7 दिवस ठेवा, शेवट रविवारी संध्याकाळी. बोली शेवटच्या काही सेकंदांत उसळते, तोवर शांत बसा. मात्र गिऱ्हाईक मोजकं असलेली वस्तू 1 डॉलरपासून सुरू करू नका, त्याच भावात जाईल. तिथे ठरावीक किंमतच बरी.

आणि हो, खोका आधी भरून तोला, मगच टपालखर्च लिहा.