वाळूखालची माण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात लिहायला बसल्यावर भूगोलाच्या सरांखेरीज काही सुचेना. मुले त्यांना मागे ‘नदीवाले सर’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होते.

नववीच्या अभ्यासक्रमात नसतानाही त्यांनी एक इंचास एक मैल प्रमाणाचा जुना स्थलदर्शक नकाशा वर्गात टांगला होता. समोच्चरेषांच्या इंग्रजी व्हीसारख्या आकाराचे टोक उगमाकडे असले की तेथे ओढा समजावा, हे मला तेथेच उमगले. गंगा, गोदावरी मोठ्या असल्या तरी आपल्या सोलापूर जिल्ह्याला माण कळली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. सातारा जिल्ह्यात कुळकजाईच्या परिसरात उगम पावून म्हसवड, आटपाडी, सांगोला असे करीत सरकोलीजवळ भीमेला मिळणारी ही लहानशी नदी त्यांनी आम्हाला तोंडपाठ करायला लावली नाही. महादेव डोंगररांगेवर पडणाऱ्या तीन थेंबांची गोष्ट म्हणून सांगितली. उत्तरेकडे गेलेला थेंब बाणगंगेतून नीरेला आणि नीरेतून भीमेला मिळतो, पूर्वेकडचा माणेतून भीमेलाच येतो, तर दक्षिणेकडचा येरळेतून थेट कृष्णेत जातो आणि पहिल्या दोघांची गाठ त्याला पार रायचूरकडे पडते. महाबळेश्वरला 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असताना माणदेशाच्या वाट्याला जेमतेम 500 च्या आसपास का येतो, हे कोडेही त्याच तासाला सुटले.

प्रयोगवहीत मी माण आणि तिला मिळणारी कोरडा या दोन्ही नद्या गडद निळ्या रंगवल्या. सरांनी ते पान बराच वेळ पाहिले आणि विचारले, “यात पाणी पाहिलंस का रे?” मी सोलापूरच्या गिरणगावातला, सिद्धेश्वर तलावापलीकडचे पाणी मी कोठून पाहणार? एप्रिलमधल्या एका रविवारी आम्हा सहा जणांना त्यांनी स्वतःच्या खर्चाने एस. टी. ने सांगोल्याला नेले. तिऱ्ह्याजवळ सीना आणि बेगमपूरजवळ भीमा गाडीतूनच दाखवली. माणेच्या पात्रात उतरलो तर पायाखाली नुसती तापलेली वाळू. सरांनी धोतर खोचून हातांनी झिरा उकरायला सुरुवात केली, आम्हीही लागलो, आणि हातभर खोलीवर वाळू आधी काळसर झाली, मग हळूहळू गढूळ पाणी साचले. ते निवळेपर्यंत सर काही बोलले नाहीत. परतल्यावर वहीत लाल शाईने एवढेच लिहिले : “निळा रंग पुसू नये. तुटक रेघ काढावी.” तुटक रेघ म्हणजे बारमाही न वाहणाऱ्या नदीची नकाशावरची खूण.

पुढे भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीत 31 वर्षे मी तुटक रेघाच काढल्या. वरिष्ठांनी माझ्या विहिरींच्या नोंदींचे कौतुक केले तेव्हा श्रेय कोणाचे, हे मला माहीत होते. (गणिताच्या सरांचेही थोडे असावे, पण त्यांनी मला फार मारले.)

आता त्या पात्रात झिरा उकरू म्हटले तर पुष्कळ ठिकाणी वाळूच उरलेली नाही. उघडा खडक आहे आणि काठाला वेडी बाभूळ. दुसरीकडे टेंभू योजनेचे पंप कृष्णेचे पाणी उचलून या दुष्काळी पट्ट्यात आणतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही माण कधी कधी वाहताना दिसते. कृष्णेतला थेंब रायचूरची वाट न पाहता नळांतून डोंगर चढून माणेला येऊन मिळतो, हे सरांच्या गोष्टीत कोठेच बसत नाही, आणि त्यांच्यासमोर ते मांडायची संधी मला मिळाली नाही.

ती प्रयोगवही माझ्याकडे आहे. पाने पिवळी पडली आहेत, पण लाल अक्षर स्पष्ट आहे. भूगोलाच्या वर्गात अजून ते काचेचे कपाट असेल, तर महोत्सवाच्या दिवशी मी ती घेऊन येईन.