आमची वाटचाल : चोचीला रंग येईपर्यंत

२०११ साली कळव्याच्या घरी गॅलरीत झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांच्या दोन जोड्या आणल्या, त्या केवळ हौसेपोटी. पुढे ठाणे-बेलापूर रोडवरची माझी कंपनी बंद पडली. ओळखीतले लोक पिल्लं मागतच होते. घणसोली गावठाणात एक गच्ची भाड्याने घेतली, जाळी ठोकली आणि धंदा सुरू झाला.

पहिल्याच दिवाळीत माझ्या हातून मोठी चूक झाली. झेब्राचं पिल्लू अठरा-वीस दिवसांत घरट्याच्या मडक्याबाहेर येतं, भुर्रकन उडतंही. मला वाटलं, झालं तयार. ठाण्याच्या चराईतले एक आजोबा नातवासाठी तीन पिल्लं घेऊन गेले. पाचव्या दिवशी रिकामा पिंजरा घेऊन दारात उभे. ओरडले नाहीत, नुसती दाण्याची वाटी पुढे केली. राळ्याने भरलेली होती. पिल्लांना दाणा सोलताच येत नव्हता. बाहेर आल्यावरही दोनेक आठवडे आईबापच त्यांना भरवतात, आणि मी नेमकं त्याच दिवसांत त्यांना तोडलं होतं. पैसे परत केले, पण ती वाटी आजही डोळ्यांपुढे येते.

तेव्हापासून आमचा एकच नियम. पिल्लाची चोच काळी असते. वाढेल तशी मादीची केशरी, नराची लाल होते. पूर्ण रंग चढल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही. त्याला दीड-दोन महिने लागतात. तेवढे दिवस दाणा आमचा जातो, घाईचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. जाऊ दे.

बाकी बरंचसं हिने निरखून शिकवलं. मडक्यात अंडी असताना काथ्या टाकत राहिलं, तर जोडी अंड्यांवरच नवा थर रचत बसते आणि खालची अंडी गार पडतात. हिच्या ते आधी लक्षात आलं. आता पहिलं अंडं दिसलं की काथ्या उचलतो. अंडं अडून मादी दगावू नये म्हणून कॅल्शियमसाठी जाळीला समुद्रफेस बांधलेला असतो. राळं, वरी, बाजरी वाशीच्या दाणाबंदरातून येते; पावसाळ्यात आठवड्यापुरतीच, कारण इथल्या दमट हवेत दाण्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

लाल मुनिया मागणारेही येतात. त्यांना सरळ नाही म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या रानातले पक्षी पकडणं, विकणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. झेब्रा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण आमच्याकडचा प्रत्येक पक्षी पिंजऱ्यातच जन्मलेला.

जोडी देताना आम्ही प्रत्येकाला वाटीवर फुंकर मारून दाखवतो. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच पडतं. वरून वाटी गच्च दिसते, फुंकर मारली की तळ दिसतो. मग त्यांच्या हातात वाटी देतो आणि म्हणतो, आता तुम्ही मारा.